ओला पंचा

पवनानगरच्या पुढे, धरणाच्या काठावर रखमाजीआबांचे तंबू आहेत. त्यांची वेबसाइट मी बनवली. पान उघडलं की काठावरच्या कॅमेऱ्यातलं चित्र थेट दिसतं, बाण दाबला की कॅमेरा वळतो. शहरातल्या माणसाने पाणी बघावं आणि तंबू बुक करावा, असा हेतू. प्रत्यक्षात ते पान रोज बघणारी व्यक्ती एकच. विठाबाईमावशी, आबांची बायको. खुब्याचं हाड मोडल्यामुळे त्या देहूरोडला लेकीकडे पडून होत्या, ऑपरेशन व्हायचं होतं. त्या बाण दाबून कॅमेरा नवऱ्यावर आणत आणि फोनवरून त्याला रागवत.

काठावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. एकीत आबा. दुसरी मावशींची. ती रिकामी झाल्यापासून आबा आंघोळ करून आले की ओला पंचा तिच्यावर वाळत घालत.

थेट म्हणजे अगदी थेट नसतं, चित्र पोचायला जरा वेळ लागतो, हे मी मावशींना समजावलं होतं. त्या म्हणाल्या, आमच्या माणसालाबी हाक ऐकू यायला तेवढाच येळ लागतो.

पहिल्यांदा बिडी. फोन आला, "ती बिडी टाका आधी." आबांचा हात अजून खिशातच होता. इतक्या वर्षांचा संसार, अंदाज येणारच, असं मी म्हटलं. मग एकदा त्या म्हणाल्या, चहात माशी पडलीय. चहा तेव्हा गॅसवर होता. थोड्या वेळाने चहा आला. माशीही आली.

मी शिकलेला माणूस. कॅमेऱ्याचं घड्याळ तपासलं, वायर काढून परत लावली. शेवटी मोबाइलवर पान उघडून कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. पानावर मी डोकं खाजवत होतो. मी हात घट्ट खाली धरून ठेवला. मग खाज सुटली.

मागे पडणारं चित्र मला दुरुस्त करता येतं. पुढे जाणाऱ्याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नाही.

आणि ते आणखी पुढे जात राहिलं. मावशी सकाळी सांगत, पाव्हणे आलेत, पोहे टाका. दुपारी जीप येई. आबांना त्यात काही वावगं वाटेना. लग्नापासून ती असंच करती, म्हणाले. मे महिन्यात मावशींनी विचारलं, पाणी पार तंबूपर्यंत कसं चढलं. धरण तेव्हा तळाला गेलं होतं.

परवा आबा आंघोळ करून येत होते, तेवढ्यात फोन वाजला. मी उचलून स्पीकर लावला.

"सत्यम, मी बसलेय की रं माझ्या खुर्चीत. काठीबिठी काय न्हाई."

आबा हसले. इतक्या दिवसांनी हसले.

"म्हंजे बरी हुनार तू," ते म्हणाले.

"पर आवं, वला पंचा माझ्या अंगावर का टाकला? मी दिसत न्हाई व्हय तुमास्नी?"

आबांचा हात खुर्चीच्या वर होता. पंच्यातून पाणी टपकत होतं. त्यांनी पंचा हळूच मागे घेतला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला.

मी मोबाइल काढला.

"बघू नको," आबा म्हणाले.

मी पाहिलं नाही.

तेव्हापासून आबा पंचा खांद्यावरच वाळवतात. शर्ट ओला होतो, त्यांना चालतं. आज ऑपरेशन. देहूरोडहून अजून फोन नाही. आबा सकाळपासून खुर्चीत बसून आहेत, पंचा खांद्यावर.

शेजारची खुर्ची ओली आहे.