सरळ दिसणारी पाटी

ग्रंथपालबाईंनी कॅमेरा काउंटरवर ठेवून तक्रार सांगितली, तेव्हा मिस्त्रींना आधी वाटलं की आपली थट्टा चालली आहे.

"यात सगळं सरळ दिसतं," बाई म्हणाल्या. "इतर कॅमेऱ्यांसारखं उलटं दिसायला हवं. तेवढं करून द्या."

छत्तीस वर्षं मिस्त्री कॅमेरे दुरुस्त करत होते. बिघडलेली वस्तू नीट करून मागणारे पुष्कळ पाहिले होते. नीट वस्तू बिघडवून मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. त्यांचं डोकं तिथल्या तिथे तापलं.

कॅमेरा एकावर एक दोन भिंगांचा होता. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. बघायचं तेही डोळ्याला लावून नाही. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या दुधी काचेत डोकावायचं. वरच्या भिंगामागे एक तिरका आरसा असतो, तो चित्र उचलून काचेवर टाकतो. आरसा एकच, त्यामुळे डावं उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे. अशा प्रत्येक कॅमेऱ्यात ते तसंच दिसतं, दिसायलाच हवं. हा कॅमेरा मात्र कधीच बंद पडलेल्या एका छोट्या कारखान्यातला होता. मिस्त्रींनी तो आजवर फक्त जुन्या कॅटलॉगातल्या चित्रात पाहिला होता.

"बाई, आरशाला काय तुमची भीड वाटते, म्हणून तो सरळ दाखवेल?" मिस्त्री म्हणाले.

"आधी बघा, मग चिडा," शेजारच्या टेबलावरून त्यांची बायको म्हणाली. दुरुस्तीला आलेल्या कॅमेऱ्यांना बांधायच्या चिठ्ठ्या ती लिहीत होती. "एकदा तरी क्रम तो ठेवा."

मिस्त्रींनी काचेत डोकावलं. रस्त्यापलीकडच्या लाँड्रीची पाटी त्यांच्या दुकानाच्या दारातून समोरच दिसायची. काचेवर ती उलट्या अक्षरांत यायला हवी होती. ती सरळ आली, अगदी घडाघडा वाचता येईल अशी.

"चार दिवसांनी या," ते घुश्शात म्हणाले.

बाई दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "तोवर कुणाचा फोटो वगैरे काढू नका," म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेल्या.

मिस्त्रींनी कॅमेरा उघडला. कुणीतरी अतिशहाण्याने आत दुसरा आरसा बसवलेला असणार, याची त्यांना खात्री होती. आत आरसा एकच होता. त्यांनी तो काढून आपल्याजवळचा नवा बसवला. पाटी सरळच दिसली. वरचं भिंग काढून दुसऱ्या कॅमेऱ्याचं लावलं, काच बदलली, पाटी सरळच. दोन दिवस हेच चाललं. मिस्त्रींना भीती अशी वाटलीच नाही, राग मात्र अनावर आला. यंत्राने बिघडावं, त्याला हरकत नाही. पण प्रकाशाचे साधे नियम धाब्यावर बसवून समोर निर्लज्जपणे उभं राहावं, याला काय म्हणायचं? अपमानच हा, आणि तोही त्यांच्याच टेबलावर.

"वर खोटं बोलतोय ना, आता खाली काय बोलतो बघतो," तिसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले आणि त्यांनी रोल भरला. "ये गं, दाराशी खुर्चीत बस."

"मी नाही. त्या लाँड्रीवाल्याला बसवा."

फोटो म्हटला की ती तोंड फिरवायची. तिच्या डाव्या भुवईवर पांढरी खूण होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मिस्त्रींनी तावातावाने कपाट उघडलं, त्या दाराची ती खूण. तेव्हापासून कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द तिचाच असे: "उघडा, अजून एक दार उघडा." मिस्त्री त्यावर पाय आपटत आत जायचे आणि दहा मिनिटांनी चहा मागायला बाहेर यायचे. एकतीस वर्षं हे असं सुखाने चाललं होतं.

"दोन मिनिटं बस. कामाचं आहे."

"तुमचं काम तेवढं काम," ती म्हणाली, पण पेन ठेवून खुर्चीत येऊन बसली. चेहरा असा केला की जणू दात काढायला आणलंय.

मिस्त्रींनी मान खाली घातली. काचेवर ती समोर होती तशीच होती, आणि मागे पाटी. त्यांनी खटका दाबला. बारीकसा आवाज झाला, निरोगी कॅमेऱ्याचा होतो तसाच.

मागच्या काळोख्या खोलीत त्यांनी रोल धुतला आणि तेवढा एक फोटो कागदावर उतरवला. सगळं बिनचूक होतं. पाटी सरळ, खूण डाव्या भुवईवर, कपाळावर आठ्या. ओला फोटो चिमट्यात धरून ते बाहेर आले.

"हे बघ, खाली मुकाट्याने खरं बोलतोय."

बायकोने चिठ्ठीवरून मान वर केली. पेन तिच्या डाव्या हातात होतं. खूण उजव्या भुवईवर होती.

मिस्त्रींनी एकदा फोटोकडे आणि एकदा तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "ही खूण कुठे होती?"

"इथेच," ती उजव्या भुवईला बोट लावून म्हणाली. "तुम्हाला माहीत नाही?"

"तू डावरी कधीपासून झालीस?"

"पहिल्यापासून. असं काय करताय?"

दुकानावरच घर होतं. त्यांनी जिना चढून कपाटातला जुना अल्बम काढला. लग्नानंतरचे सगळे फोटो त्यांचेच होते, त्यांनीच काढलेले आणि धुतलेले. कपाटाच्या त्या प्रसंगानंतरच्या प्रत्येक फोटोत खूण उजवीकडे होती. एका फोटोत ती पत्र लिहीत होती, डाव्या हाताने. डावी खूण साऱ्या जगात एकाच कागदावर उरली होती आणि तो कागद अजून ओला होता.

चौथ्या दिवशी ग्रंथपालबाई आल्या, तेव्हा मिस्त्री काउंटरच्या बाहेर येऊन उभे होते.

"तुम्हाला ठाऊक होतं," ते म्हणाले. रागाने त्यांचा आवाज फुटत होता. "ठाऊक असून ही वस्तू माझ्या दुकानात आणलीत. तोंड उघडून सांगायला काय झालं होतं?"

बाईंनी काउंटरमागे बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"काय सांगितलं असतं? हसला असतात तुम्ही."

"तुमच्याकडे कुणाचा काढलात?"

"आमच्या ह्यांचा," बाई हळू म्हणाल्या. "चौदा वेळा. हल्ली ते अजिबात रागवत नाहीत."

"म्हणजे?"

"कॅमेरा मला नको. ठेवा तुम्ही." त्या पायऱ्या उतरून भरभर चालू लागल्या. मिस्त्री दारापर्यंत धावले, हाका मारल्या. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

ते परत टेबलाशी आले. डोकं अजून त्यांचंच होतं. त्यांनी हिशेब साधा केला. एका आरशाने डावं उजवं होतं. दुसऱ्या आरशाने ते पुन्हा जागच्या जागी येतं. हा नियम कुणाच्या बापाला मोडता येणार नाही.

त्यांनी नवा रोल भरला.

"दाराशी बस जरा."

"बसते," ती म्हणाली आणि उठली.

तिने कुरकुर केली नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नाही. त्यांनी मान खाली घातली. काचेवर पाटी सरळ होती. मन एकवटून त्यांनी खटका दाबला.

मग सावकाश डोळे वर केले.

खूण डाव्या भुवईवर होती.

त्यांनी तिच्यापुढे पेन धरलं. तिने ते उजव्या हाताने घेतलं.

मिस्त्रींनी कॅमेरा टेबलावर ठेवला. चार दिवसांचा सगळा राग मोकळा झाला आणि तो कुणावर काढायचा, हेही त्यांना ठाऊक होतं.

"कुठे होतीस? इथे माझा जीव टांगणीला, आणि तू खुशाल बसलीस! फोटोला बसायची कटकट तुझी, आणि निस्तरायचं मी! एकतीस वर्षं हेच चाललंय! चूक सगळी तुझीच आहे!"

ते थांबले. चेहऱ्यावर हसू येऊ पाहत होतं. आता ती ते दाराचं वाक्य म्हणेल, या खात्रीने त्यांनी वाट पाहिली.

ती त्यांच्याकडे मायेने बघत होती.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

रस्त्यावरून एक सायकल गेली. लाँड्रीवाल्याने दार लोटलं.

"भांड," मिस्त्री म्हणाले. "भांड ना माझ्याशी. काहीतरी बोल."

"कशावरून भांडू?" तिने खरोखरच विचार करून विचारलं. "तुम्ही सांगाल त्यावरून भांडते."

मिस्त्रींनी कॅमेऱ्याची कळ फिरवून फिल्म पुढे सरकवली. रोलमध्ये अजून अकरा फोटो होते.

ते काही सांगायच्या आधीच तिने केस सारखे केले आणि हनुवटी थोडी वर उचलली.