मेंढरांनी धरलेला ठेका

लॅपटॉपनं माझा पेन ड्राइव्ह तिसऱ्यांदा नाकारला, तेव्हाच तो माझ्या खांद्यावरून डोकावला.

"बीट वाजंना व्हय? मी देतो की. तोंडानं."

"तू कोण?"

"एस-राज!" मग जरा अडखळून – "म्हणजे... शिवराज. ईट गावचा."

उलटी टोपी, काळा गॉगल आणि असलं हसू... मी माझं पहिलं कडवंच विसरले!

भूमच्या संगीत महोत्सवात यंदा पहिल्यांदाच रॅपवाल्यांना जागा मिळाली होती. आम्ही पाच जण, प्रत्येकाला तीन मिनिटं. मुलगी मी एकटीच. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सकाळीच बजावलं होतं, "अयोध्या, मधेच थांबलीस तर परत माइकचं नाव काढायचं न्हाय."

"शेवटपर्यंत म्हणणार. बघाच तुम्ही!"

आता माघार कसली?

"तुझं गाऊन झालंय ना?" मी शिवराजला विचारलं.

"मगाशीच. तुझ्यासाठी परत चढतो. काय देशील?"

"चुकलास तर शिव्या."

"चालतंय की!"

दिवेलागणीला आम्ही स्टेजवर गेलो. ढुम्-टक्, ढुम्-टक्... आणि मधेच त्यानं जीभ टाळूला लावून एक अजब हाळी दिली – "ट्र्र्र... हेऽऽ हुर्र!" माझ्या अंगावर काटा आला. मी सुटलेच!

"भूम माझं गाव, अयोध्या माझं नाव,
वाटंत काटं पेरशील तर अनवाणी घेईन धाव!"

त्यानं दुसऱ्यांदा हाळी दिली, तशा शेजारच्या रानातून घंट्या वाजल्या. तिथं खतासाठी मेंढरं बसवलेली. कनात उचलून एक डोकं आत आलं... मग दहा... मग अख्खा कळप!

"आरं, मेंढरं आली रं!" लोक हसून लोळायला लागले. ठेका थांबला. शिवराजचा चेहरा पांढराफटक.

"आमचीच हायेत," तो पुटपुटला. "या हाळीवर पाण्याला येत्यात. नादात ध्यानातच न्हाय राहिलं... ह्या रॅपवाल्या पोरांना मी सांगितलंय, पुण्यात शिकतो म्हणून."

तो पायऱ्यांकडं निघाला. समोर, गर्दीच्या अगदी मागं, नाना हाताची घडी घालून उभे होते.

मी त्याची बाही धरली. "कुठं?"

"हसायलेत सगळे."

"हसू दे. माझं दीड मिनिट राहिलंय. तीच हाळी दे."

"अयोध्या..."

"दे म्हणते ना!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. गॉगल काढून खिशात घातला... आणि अशी हाळी दिली, की घंट्यांनीच ठेका धरला! लिहून आणलेलं मी सोडून दिलं.

"हसता कुणाला रं? थंडी येऊ द्या दारात,
ह्याचीच मेंढरं ऊब देत्यात तुमच्या घोंगड्यात!"

मग टाळ्या – ठेक्यावर! आणि नानांच्या हातांची घडी सुटली. तीन मिनिटं पुरी झाली तेव्हा तेही टाळ्या वाजवत होते.

स्टेजमागं तो कोकरू काखेत घेऊन उभा होता. "चुकलो. दे शिव्या."

"देते. आवडलास तू मला."

"ही... शिवी हाय?"

"माझी पहिलीच हाय. सांभाळून ठेव."

त्याचे कान लाल झाले. तेवढ्यात नानांची हाक आली. मी चार पावलं गेले असेन-नसेन, मागून अगदी हळू आवाज आला – ट्र्र्र... हेऽऽ हुर्र...

मेंढरांच्या आधी मीच वळले.