चार्जरचा हिरवा दिवा

“अगं, दिवा लागतोय म्हणतोय ना दुकानदार! अजून काय पाहिजे तुला?”

“दिवा खेळण्यातल्या मोटारीचाही लागतो,” मी मुलाला म्हटलं.

“आपल्याला वापरायचाय का तो? विकायचंय मशीन. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार, त्याला सोबत गाडीतला चार्जर हवाय, संपलं. उगाच माझा जीव काढू नकोस.”

“जीव काढायची भाषा तू करू नकोस. तू तर मुळीच नको.”

दुकानदार चष्मा पुसत दुसरीकडे बघू लागला. काउंटरवर दोन चार्जर होते. एक बोटाएवढा, चकचकीत, शेपटासारखी बारीक वायर. दुसरा जाडजूड, काळा, विटेसारखा ठोकळा मधे असलेला. मुलाचा हात पहिल्यावरच होता. पहिल्या खेपेलाही तसलाच आणला होता त्याने.

“आई, तू काय इंजिनिअर आहेस?”

“इंजिनिअर तू आहेस. म्हणून तर आले मी सोबत.”

तुला आधी मशीनचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ते आमच्या ह्यांचं. खांद्याला अडकवायच्या पिशवीत मावणारं, हवेतून प्राणवायू वेगळा काढून नळीतून नाकाशी सोडणारं. घरात भिंतीच्या वायरवर चालायचं, बाहेर बॅटरीवर, आणि लांबचा प्रवास असला की गाडीतल्या सॉकेटवर. त्याची एक खोड आहे. ते नळासारखं वाहत राहत नाही. माणसाने श्वास आत ओढला की तेवढ्यापुरतं ‘फुस्स’ करतं. नळीला नाक नसेल तर थोडी वाट बघतं आणि मग टीं टीं ओरडत सुटतं. ही खोड ध्यानात ठेव.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. पुड्यांच्या कागदांवर अक्षरं लावत वाचायला शिकले, आणि जे हाती येईल ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. मशीनचं माहितीपत्रकही वाचलं होतं. बारक्या चार्जरचा दिवा लागतो पण मशीनला तो पुरत नाही, बॅटरी उतरत जाते, असं त्यात छापलेलं. पण त्या दिवशी मी मागच्या सीटवर ह्यांचा हात धरून बसले होते, आणि चार्जर पुढे, मुलाच्या गुडघ्याशी. त्याचा हिरवा दिवा तेवढा दिसत होता. मशीन पायाशी पिशवीत, वर झाकण. बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या उजेडाच्या पट्ट्या झाकणाखाली.

पुलावर गाड्या अडकल्या होत्या. हे म्हणाले, “हवा कमी येतेय रे.”

मुलगा आरशात बघून म्हणाला, “मनाचे खेळ आहेत बाबा. दिवा लागलाय बघा.”

पुन्हा म्हणाले. पुन्हा त्याने दिवा दाखवला. मी म्हटलं, गाडी बाजूला घे. तो म्हणाला, घेऊ कुठे, डोक्यावर? मग ह्यांची मान माझ्या खांद्यावर आली. मी हलवायला गेले तर हा म्हणतो, “उठवू नकोस गं, आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा.”

पूल संपेपर्यंत मी त्यांना उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्यांना सूनबाई सांगत होती, वय झालं होतं हो. आणि चार्जर घरातून नाहीसा झालेला. कुणी टाकला, का टाकला, अवाक्षर नाही. म्हणून आता नवा घ्यायची वेळ. गिऱ्हाइकाची आई अंथरुणाला खिळलेली, तिला दर आठवड्याला लांबच्या इस्पितळात न्यायचं असतं. आमच्या चिरंजिवांनी फोनवर त्याला बेलाशक सांगितलं होतं: “एकदम छान चालतं मशीन. माझे वडील शेवटपर्यंत वापरत होते.”

तर दुकानदार कंटाळून म्हणाला, “आजी, दोन्ही घेऊन जा खाली. गाडीत लावून बघा आणि मग भांडा.”

गाडी तळघरात लावलेली. भरदुपारी तिथे संध्याकाळ असते. ओल्या सिमेंटचा आणि रबराचा वास, लांब कुठेतरी पाइपातून ठिबकणारं पाणी. आमच्या पावलांखेरीज माणसाची चाहूल नाही. मशीन मागच्या सीटवर होतं, माझ्या नेहमीच्या जागेशेजारी. मी पुढे बसले. त्या दिवसापासून मी मागे बसत नाही.

मुलाने गाडी सुरू केली, बोटाएवढा चार्जर खोचला, मागे वाकून मशीनचं बटण दाबलं.

“हा बघ. लागला दिवा.”

हिरवा दिवा लागला. मशीन घुरघुरलं, थोडं थांबलं आणि टीं टीं करू लागलं.

“नळीला माणूस नाही ना, म्हणून ओरडतंय,” तो म्हणाला. “झालं समाधान?”

तेवढ्यात ते ओरडायचं थांबलं.

फुस्स.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

फुस्स… फुस्स. मग थोडं थांबून, लांब… फुस्स.

दोन आखूड, एक लांब. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या उशीला उशी लावून झोपले, त्या उशीवरचा श्वास मला कुणी ओळखायला शिकवायला नको.

“एसीची हवा लागतेय नळीला,” मुलगा म्हणाला आणि एसी बंद केला.

फुस्स… फुस्स…

गाडीत छातीला चोळायच्या मलमाचा वास यायला लागला. ती डबी मी स्वतः फेकून दिली होती.

“सेन्सर गेलाय,” तो म्हणाला. आवाज मात्र खाली आलेला. “जुनं मशीन आहे…”

“पट्ट्या बघ.”

“कसल्या पट्ट्या?”

“त्या दिवशी नाही बघितल्यास त्या.”

त्याने मान वळवली. बॅटरी घरून भरून आणली होती. त्यातली एक पट्टी विझली. त्याच्या गुडघ्याशी हिरवा दिवा शांतपणे लागलेला, आणि मागे दुसरी पट्टी विझली. इतक्या लवकर उतरायला नको होत्या. आणि श्वास भरभर व्हायला लागला. आखूड, आखूड, आखूड. लांब श्वास येईचना. पुलावर अगदी असाच झाला होता. मी हातात हात धरून मोजला होता तो.

“आई… हे काय आहे?”

“हवा कमी येतेय,” मी म्हटलं.

त्याने तो चार्जर उपटला, जाडा उचलला, एकदा चुकला, दुसऱ्यांदा सॉकेटात बसला. ह्याचा दिवा एवढासा, लालसर, कुणाच्या डोळ्यात न भरणारा.

विझलेली पट्टी लुकलुकली. भरू लागली.

फुस्स… फुस्स…

आणि मग लांब, पोटातून आल्यासारखा. फु…स्स.

पाइपातलं पाणी ठिबकत होतं, मागे श्वास चालला होता, संथ. मग मुलाच्या भीतीचा राग झाला. लहानपणापासून होतो त्याचा.

“बस झालं! मला नकोच ही कटकट. तो पहिलाच देऊन टाकतो मशीनसोबत, नेऊ दे त्याला. त्याला काय कळतंय? दिवा लागला की खूश होईल.”

“आणि त्याची आई?”

“त्याची आई त्याने बघावी! मी काय जगाचा ठेका घेतलाय? बाबांचं वय झालं होतं, तू कबूल कर ना एकदा… वय झालं होतं त्यांचं!”

मी आरशात बघत होते. मागच्या काचेवर, ह्यांच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर वाफेचा एक गोल धरला होता. फुस्स झालं की लहान व्हायचा, मग हळूहळू पसरायचा. मी बघतेय तिकडे त्यानेही आरशात बघितलं. तरीही त्याचा हात पुढे गेला. जाड्या चार्जरवर. उपटून काढायला.

मी त्याचं मनगट धरलं आणि अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये अशा आवाजात म्हटलं:

“उठवू नकोस रे, आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा.”