अर्ध्यावर ठेवलेले आख्यान

ही हकीकत खरी आहे. जिच्यावर ती ओढवली, त्या मथुराबाईंनी ती म्हातारपणी आपल्या भाचीला सांगितली, आणि भाचीच्या घराण्यातून ती माझ्यापर्यंत आली. वाटेत तिला कोणी तिखटमीठ लावले नाही. तशी गरजच पडली नाही.

शके १६८३. मार्गशीर्ष वद्य एकादशी. पुण्याच्या बुधवार पेठेतले विष्णूचे एक लहान देऊळ.

रात्र नव्हती. तिसरा प्रहर होता, आणि सभामंडपात लख्ख ऊन पडले होते. हे मुद्दाम सांगायला हवे.

पानिपतच्या रणाला अकरा महिने उलटले होते. मथुरेचा नवरा श्रीधर फौजेबरोबर कारकून म्हणून गेला होता. तो परतला नाही. मेल्याची खात्रीची बातमीही आली नाही. एक शिलेदार म्हणाला, पडताना पाहिला. दुसरा म्हणाला, ग्वाल्हेरीस दिसला.

मग कुंकू पुसायचे तरी कोणाच्या शब्दावर?

मथुरा रोज नवऱ्याचे पान मांडी. स्वतः मात्र दोन घासांवर उठे. अकरा महिन्यांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते. अंगावर फक्त हाडे उरली होती. वैद्य स्पष्टच म्हणाले, “दुःख आत कोंडले आहे. रडली तर वाचेल.”

तिचे सासरे यज्ञेश्वरबुवा पेठेतले नावाजलेले हरिदास. एकादशीच्या आदल्या दिवशी ओसरीवर त्यांचे नि मृदंगी अनंतभटांचे बोलणे चालले होते. मथुरा दाराआड तांदूळ निवडत होती. तिला सारे ऐकू येत होते.

“उद्या राजपुत्राचे आख्यान लावतो,” बुवा म्हणाले. “तो रणात पडतो, तिथेच थांबतो.”

“थांबतो म्हणजे?”

“थांबतो म्हणजे थांबतो. पुढे काही नाही.”

अनंतभट मृदंगाला कणीक लावत होते. त्यांचा हात जागीच राहिला.

“अहो बुवा, आख्यानात मेलेल्याला स्वर्गी पोचवल्याशिवाय हरिदास झांजा खाली ठेवत नाही. तुमच्या वडिलांनीच हे मला शिकवले.”

“तो स्वर्गी पोचला की बायका डोळे पुसून उठतात, अनंतभट. सुनेच्या डोळ्यांत पुसण्यापुरते तरी पाणी यायला हवे ना.”

“औषध वैद्यांनी द्यावे. तुम्ही देऊ लागलात, तर एकादशीला वैद्यांना उभे करू आपण.”

“साथ करणार आहात की नाही?”

“करतो की. न करून कोणाला सांगू? माझे ऐकतो कोण इथे!”

दुसऱ्या दिवशी देवळात बायका उजवीकडे दाटीने बसल्या. डावीकडे, पुरुषांच्या बाजूला, जाजमावर ठिकठिकाणी जागा रिकाम्या होत्या. पेठेतले जे उत्तरेतून परत आले नव्हते, त्यांच्या नेहमीच्या जागांवर कोणी बसत नसे. ‘धनी आला तर बसायचा कुठे?’ असे बायका म्हणत. दोन दोन रिकाम्या जागांमध्ये एखादा म्हातारा गुडघे आवळून बसलेला असे.

पूर्वरंग झाला. बुवांच्या गळ्यात हार पडला. आख्यान सुरू झाले.

राजपुत्र लढला. एकटा पडला. मातीवर आडवा झाला.

“त्याला वाटले, आपण थकलो,” बुवांचा आवाज उतरला. “त्याला वाटले, जरा वेळाने उठू. घरी जाऊ. घर तर दिसतही होते त्याला… तेव्हा सारथी खाली वाकला आणि म्हणाला… बाळा, तू आता उठणार नाहीस. तू मेला आहेस.”

झांजा थांबल्या.

मृदंग थांबला.

बायकांत पहिला हुंदका फुटला. मग दुसरा. पाहता पाहता सारी उजवी बाजू रडू लागली.

मथुरेचे डोळे कोरडेच होते.

आणि मग… डावीकडून रडणे ऐकू आले.

पुरुषांचे रडणे.

तिने तिकडे पाहिले. म्हातारे रडत नव्हते. ते तोंड उघडे टाकून आपल्या शेजारच्या रिकाम्या जागांकडे पाहत होते.

रडणे तिथून येत होते.

एक नव्हे, वीस-पंचवीस गळे. सरावाचे, जुने झालेले रडणे नव्हे ते. माणसाला बातमी आत्ताच कळावी आणि त्याचा तिच्यावर विश्वास बसू नये, तसे.

तिसऱ्या खांबाशी कोणीतरी हुंदका गिळत होते. गिळून, खोटेच खाकरून, पुन्हा हुंदका. सासू गेली तेव्हा कोठीच्या बंद दाराआड श्रीधरचे रडणे मथुरेने अगदी असेच ऐकले होते.

तिने तोंडात पदर कोंबला.

अकरा महिन्यांनी ती रडली.

द्वादशीला मथुरेने कुंकू स्वतःच्या हाताने पुसले. एकच पान मांडले, आणि पोटभर जेवली. बुवा दारातून पाहत होते.

दुपारी अनंतभट आले. चेहरा पांढराफटक.

“गुरवाला जाजम उचलवेना, बुवा. मीही हात लावून पाहिला. चौघांना हलत नाही. ती मंडळी उठलीच नाहीत.”

“कोण मंडळी?”

“मला विचारता? तुम्हीच त्यांना सांगितलेत की ती मेली. आता पुढे कुठे जायचे, ते ऐकायला बसली आहेत.”

मथुरा बाहेर आली. सासऱ्यांसमोर आजवर तिने आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही.

“मामंजी, उरलेले सांगून टाका. त्यांना जाऊ द्या.”

बुवांनी होकाराची मान हलवली.

त्रयोदशीला पुन्हा कीर्तन लागले. तेच ऊन. तेच आख्यान. बुवा सारथ्याच्या शब्दांपाशी आले… आणि डावी बाजू रडू लागली. पहिल्यासारखीच. जणू कोणी त्यांना हे पूर्वी सांगितलेच नव्हते.

बुवांनी झांजा उचलल्या. आता फक्त पुढचे कडवे.

पण ते तिसऱ्या खांबाकडे वळले होते. मान किंचित कलती. परगावाहून येणाऱ्या मुलाची पावले बाप ऐकतो, तशी. मथुरेने तो चेहरा पाहिला.

हा माणूसही अकरा महिने रडला नव्हता. ते कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

बुवांनी झांजा खाली ठेवल्या. “आज इथेच.”

“मामंजी, पुढचे!” मथुरा भरसभेत उभी राहिली. बायकांनी तिचा पदर ओढला. ती बसली नाही.

“पुढचे म्हटले की तो जाईल, मुली.”

“जाऊ द्या. किती यातना होताहेत त्यांना! आणि इतरही आहेत तिथे, कोणाकोणाची मुले!”

“तुला तो एकदा ऐकू आला, तुझे भागले.” बुवा खांबाकडेच पाहत होते. “माझे भागत नाही.”

त्यानंतर बुवा रोज तिसऱ्या प्रहरी उभे राहू लागले. श्रोते येईनासे झाले. “मी जिवंतांच्या कीर्तनात वाजवतो,” असे म्हणून अनंतभटांनी मृदंग घरी नेला. मथुरा माहेरी गेली. रिकाम्या मंडपात एक म्हातारा रोज एकाच ओळीवर थांबे, आणि रस्त्यावरून जाणारे कानांत बोटे घालून पावले उचलत.

हे नऊ वर्षे चालले.

बुवा वारल्यावर अनंतभटांनी त्यांची चोपडी शोधून काढली. आख्यान बुवांनी स्वतःच रचलेले होते, दुसऱ्या कोणाच्या संग्रही नव्हते. चोपडीत ते राजपुत्र पडतो तिथवरच होते. पुढची पाने कापलेली होती. नीट, पट्टी धरून कापलेली.

देऊळ आता नाही. त्या जागी दुकाने आहेत. ती दुपारी बंद असतात. पुण्यात सगळीकडेच असतात, त्यात विशेष काही नाही. तरी त्या वेळी त्या बोळातून जाण्याचे मी टाळतो.

आख्यानाचा शेवट मी दोनदा रचून पाहिला आहे. बरा जमला आहे, असे वाटते. तिथे जाऊन तो म्हणावा, असे अनेकदा मनात येते… पण सुरुवात करायची, तर आधी सारथ्याचे शब्द उच्चारावे लागतील.

आणि माझा शेवट त्यांना पुरला नाही, तर?