बरणीवरचं नाव

मी “चोर, चोर!” म्हणून ओरडले तेव्हा चोराच्या डोक्यावर आमचं फणसपोळीचं ताट होतं आणि काखेत सांडग्यांचं सूप.

वैशाखातली दुपार होती. मी विहिरीवर होते. घाटाच्या बाजूनं एकदम आभाळ काळवंडलं, वारा सुटला, परसातली वाळलेली पानं गरागरा फिरायला लागली. वळवाचा पाऊस म्हणजे न कळवता येणारा पाहुणा. कळशी तिथंच टाकून मी धावत परसात आले आणि बघते तो हा! उंच, सडसडीत, टोपी तिरकी झालेली. कुंपणाला सायकल टेकवलेली.

“ओरडू नका हो,” तो म्हणाला, “हात मोकळे असते तर पळालोसुद्धा असतो.”

“ठेवा ते खाली!”

“खाली ठेवलं तर भिजेल...”

आणि खरंच, टपोरे थेंब पडायला लागले. मग काय, भांडण बाजूला ठेवून दोघांनी धावाधाव केली. चार ताटं, दोन सुपं, एक चादर. पडवीत पोचलो तेव्हा मी धापा टाकत होते आणि त्याच्या टोपीतून पाणी गळत होतं. सगळं वाचलं होतं. फक्त एका ताटात घाईघाईनं त्यानं सांडगे नेमके फणसपोळीवर ओतले होते.

“अहो, हे काय केलंत! खारट आणि गोड एक केलंत की!”

“वाचवलं हे आधी म्हणा,” त्यानं पोळीचा तुटका कोपरा उचलून तोंडात टाकला. “हं... वेलदोडा नाही. सुंठ आहे.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आमच्या घरी येणारे पुरुष खातात, ढेकर देतात, ‘छान झालंय’ म्हणतात. आत काय आहे ते कुणी विचारत नाही. खरं सांगू? मला तो तिथंच आवडला. पण त्या वेळी कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला लाटणं घेऊन मारायला धावले असते.

त्याचं नाव मधुसूदन टिपणीस. राहणार खालापूरचा. तालुक्याचं फळफळावळीचं आणि हस्तकामाचं प्रदर्शन कर्जतला भरायचं होतं, त्याचा हा चिटणीस. परसात पिकलेलं टिकवून ठेवायचे पदार्थ आणि घरी केलेल्या साध्या वस्तू मांडायच्या होत्या, म्हणून घरोघर सायकल दामटत नावं गोळा करत होता. आमच्या नानांची वकिली कर्जतला, म्हणून भिसेगावात पहिला आमच्याकडे आला.

त्यानं कोटाच्या खिशातून वही काढली. “दिघे वकील यांजकडून फणसपोळी... बरोबर?”

“चूक. नानांनी जन्मात फणस चिरलेला नाही. हाताला तेल का लावतात विचारलंत तर कुठलं तरी कलम सांगतील. माझं नाव लिहा.”

त्यानं मान वर केली. “अजून एकाही बाईनं स्वतःचं नाव दिलेलं नाही. सगळं आपलं अमुकरावांकडून, तमुकरावांकडून.”

“मग माझं पहिलं.”

“सांगा.”

“चारुलता दिघे.”

तो लिहायला लागला... आणि लिहीतच बसला.

“एवढा वेळ?”

“नाव लांब आहे,” तो वहीत बघत म्हणाला. “आणि चांगलं आहे.”

पाऊस थांबला होता. तो गेला तेव्हा मी ते बिघडलेलं ताट चाखून बघितलं. खारट, गोड, थोडं तिखट. वाईट नव्हतं हो!

पुढच्या तीन आठवड्यांत तो पाच वेळा आला. एकदा म्हणे बरणीचं तोंड किती रुंद ते विचारायचं राहिलं. एकदा तोरणाची लांबी. मी भोपळ्याच्या बियांचं तोरण करत होते, बिया धुऊन, हळदीत रंगवून, दोऱ्यात ओवून. त्याला ते शिकायचं होतं! तिसऱ्याच बीला सुई बोटात घुसली.

“राहू द्या,” मी म्हटलं. “तुम्ही आपले टिपणीस, टिपायचं काम करा.”

“बरं, एक सांगा. फणसपोळी वाळली हे कसं ओळखायचं?”

“बोटाला चिकटली नाही की वाळली.”

“आणि माणूस?”

“माणूस चिकटायला लागला,” मी दोऱ्याची गाठ मारत म्हटलं, “की समजायचं, अजून कच्चा आहे.”

पलीकडे भागी खो खो हसली. भागी पळसदरीच्या वरच्या वाडीवरची. करवंदं घेऊन यायची आणि फणस फोडायला मला हातभार लावायची. तिच्या बांबूच्या करंड्या इतक्या देखण्या असत की मी हट्टच धरला होता, तुझी करंडीसुद्धा प्रदर्शनात मांडायची.

“टिपनीसदादा,” ती म्हणाली, “तुमची सायकल आमच्या ताईच्याच दाराशी कशी वो पंचर व्हते?”

“रस्ता खराब आहे, भागी.”

“रस्ता तं सगळीकडंच खराब हाय!”

त्याचे कान लाल झाले. ते लपवायला त्यानं वही उघडली. “तुझं पूर्ण नाव सांग बघू. भागी...?”

“लिवणार? माझं?” ती गंभीर झाली. “भागी शुक्रा निरगुडा. कंदी कुनी कागदावर लिवलं नाय, दादा. नीट लिवा हां.”

त्यानं नीट लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि तिला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं बराच वेळ बघितलं. त्या दिवशी तो मला जरा जास्तच आवडला.

आणि त्याच संध्याकाळी नाना म्हणाले, “चारू, पेणच्या चित्र्यांकडची मंडळी प्रदर्शनाला येताहेत. मुलगा मुंबईला पेढीवर आहे. मुलीच्या हातचंही बघू, मुलगीही बघू, असं त्यांचं पत्र आलंय. मी होकार कळवलाय.”

आई लगेच कुठलं लुगडं नेसायचं या विचारात पडली. टिपणीस पुढच्या खेपेला आला तेव्हा मी त्याला सांगून टाकलं. अगदी सहज सांगतेय असं दाखवून... आणि त्याच्याकडे न बघता.

त्यानं वही मिटून खिशात घातली. म्हणाला, “मग बरणी दर्शनी भागात मांडायला हवी.”

एवढंच! बाहेर जाऊन तो सायकलला हवा भरत बसला. चाकं टणक होती, तरी भरत होता. मी पडवीत उभी होते. वाटत होतं, आता वळेल, आता काहीतरी बोलेल. तो गेला. मी आत जाऊन मिरच्या कुटायला घेतल्या, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण सांगता येईल. बरणीवर माझं नाव असेल, तेवढं तरी आपलं, असं मी स्वतःला समजावत होते.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. आमसुलं, मोरावळे, साखरांबे, गोधड्या, नारळाच्या करवंटीचे डाव. गर्दी नुसती! मुलाची आई चित्रेबाई आणि त्यांचे भाऊ आले होते. नाना त्यांना मोठ्या दिमाखात घेऊन चालले होते. मी मागे, आईच्या आड.

दर्शनी भागात माझी बरणी होती. भोवती चारपाच बायका जमल्या होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या. चित्रेबाईंनी चष्मा लावला, वाकून चिठ्ठी मोठ्यानं वाचली:

“फणसपोळी. सौ. चारुलता मधुसूदन टिपणीस, मुक्काम खालापूर.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“दिघे,” चित्रेबाई सरळ होत म्हणाल्या, “मुलगी लग्नाची आहे म्हणून लिहिलं होतंत. ही तर नांदतेय की खालापुरात!”

“अहो, छे छे, काहीतरी घोटाळा...” नानांच्या कपाळावर घाम आला. कोर्टात तासन्‌तास बोलणारा माणूस, पण दोन वाक्यं नीट जुळेनात. चित्रेबाईंनी भावाला खूण केली. पुढची गाडी गाठायची म्हणून दोघं निघालीसुद्धा.

मी चिठ्ठी ओढून काढली आणि थेट मंडपामागे गेले. टिपणीस एका खोक्यावर चढून पताका बांधत होता.

“माझं नाव कुठाय?”

“दर्शनी भागात, म्हटलं होतं ना...”

मी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. त्यानं वाचली. पुन्हा वाचली. मग त्याच खोक्यावर मटकन बसला.

“हे... मी लिहिलं?”

“अक्षर कुणाचं?”

“माझंच.” त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “काल सकाळपासून चिठ्ठ्या लिहितोय. एकशे चाळीस. बाकीच्या एकशे एकोणचाळीस बरोबर आहेत हो...”

“मला हसवू नका!” माझा आवाज फुटला. “आडनाव टिपणीस आणि टिपण हे असं? पेणकर गेले, जाऊ देत. नानांची शोभा झाली, तेही मी बघून घेईन. पण मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. एवढ्या मोठ्या मांडवात एका बरणीवर माझं नाव. तेवढंही तुम्ही ठेवलं नाहीत.”

तो उठला. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती.

“खरं आहे. कारण सांगतो, सबब नाही. त्या दिवसापासून हे नाव मी मनात इतक्या वेळा म्हणून बघितलं की हाताला तेच खरं वाटलं. ते मनात ठेवायचं होतं. तुमच्या बरणीवर नव्हे.”

मी काही बोलायच्या आत तो मांडवात गेला, चबुतऱ्यावर चढला आणि त्यानं कर्णा तोंडाला लावला. मामलेदारसाहेब समोर खुर्चीत बसलेले. हा आता काय बोलणार?

“मंडळी, फणसपोळीच्या बरणीवर चुकीचं नाव पडलंय. चूक माझी, चिटणिसाची. ती पोळी कुमारी चारुलता दिघे, भिसेगाव, यांनी केली. त्यांनीच फणस चिरला, त्यांनीच वाळवली. या यादीत स्वतःचं नाव देणाऱ्या त्या पहिल्या. त्यांची आणि दिघेसाहेबांची मी जाहीर माफी मागतो.”

मागून कुणीतरी ओरडलं, “मग ते मधुसूदन टिपणीस कोण?”

त्यानं टोपी सरळ केली. “तो मीच. माझा अर्ज आहे... म्हणजे, अजून केलेलासुद्धा नाही.”

मांडव हास्यानं दणाणला. मामलेदारसाहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मी रागात होते ना? होतेच. पण ओठ काही ऐकेनात!

तो खाली आला आणि कोरी चिठ्ठी व टाक माझ्यापुढे धरला. मी लिहिलं, कु. चारुलता दिघे, भिसेगाव. मोठ्या अक्षरात, सावकाश. बरणीवर चिकटवलं. भागी शेजारी येऊन उभी राहिली.

“ताई, नाव चुकलं व्हतं, ते झालं नीट,” ती हळूच म्हणाली. “मानूस नाय चुकला हां.”

बक्षिसं जाहीर झाली. माझी फणसपोळी दुसरी आली. पहिली आली ती करंडी. “भागी शुक्रा निरगुडा!” असं कर्ण्यातून मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा भागीनं आधी मागे वळून बघितलं, आणखी कुणी आहे का त्या नावाचं म्हणून. मग माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचकली.

उन्हं कलली तेव्हा मी बरण्या पेंढ्यात गुंडाळत होते. नाना दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. टिपणीस त्यांच्यासमोर टोपी हातात घेऊन उभा होता.

“काय हो, घरी कोण कोण असतं?” नानांनी उलटतपासणी सुरू केली.

“आई आणि धाकटी बहीण. थोडी भातशेती आहे.”

“हं. तोंडी असतं तर मी तुमचं म्हणणं पाच मिनिटांत उडवून लावलं असतं. पण हे लेखी आहे. वर साक्षीला मामलेदार!” मी कमरेला खोचलेली ती चुकलेली चिठ्ठी त्यांनी मागून घेतली, लांब धरून वाचली आणि माझ्याकडे वळले. मिशीच्या आड काहीतरी हललं. “पण दुसऱ्या पक्षाचं ऐकल्याशिवाय निकाल देता येत नाही. चारू, तुझं काय म्हणणं आहे?”

आई बरणी पुसायची थांबली. टिपणीस माझ्याकडे बघेना. टोपीची कड तेवढी बोटांनी कुस्करत होता.

“बरणीवर हे नाव नको होतं,” मी म्हटलं. “तिथं माझंच हवं होतं आणि ते झालं. आता ह्या चिठ्ठीत एक दुरुस्ती आहे.”

“कुठली?” त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. “सांगाल ते खोडतो...”

“खोडायचं काही नाही.” मी टाक शाईत बुडवला आणि त्याच्या हातात दिला. “तारीख घालायची राहिलीये. तेवढी घाला.”

तो बघतच राहिला. आधी चिठ्ठीकडे, मग नानांकडे, मग माझ्याकडे.

“कुठली घालू?” त्यानं विचारलं.

“पावसाळ्याच्या आधीची,” नाना म्हणाले. “मांडव भिजायला नको.”