रिकामा वेळ

शाळेच्या सायकल स्टँडच्या पत्र्याखाली गांधीलमाश्यांचं पोळं होतं. त्यासमोर श्रावस्ती कांबळे वही घेऊन बसली होती. मनगटावरचा पट्टा थरथरला. अक्षरं उमटली : 'रिकामा वेळ. लक्ष द्या.' तिने वही मिटली.

कलपट्टा मोठा गुणाचा, असं सगळेच म्हणत. नाडी आणि श्वास मोजून माणसाला कशाची ओढ आहे ते तो रेघेत दाखवायचा. रेघ उसळली की आवड. पाच मिनिटं सपाट राहिली की थरथरून जागं करायचा. बारावीनंतरची शाखा त्यावरच ठरे. श्रावस्तीची रेघ तीन वर्षं जेव्हा तेव्हा सपाट आणि शेरा एकच : 'कल नाही.' अशा पोरांना कॉलेज नाही, थेट गोदामाचं प्रशिक्षण. तिच्या वर्गशिक्षिका पाटोळेबाईंना ते बघवेना. त्यांनी शाखा ठरवणाऱ्या समितीशी भांडून एक शेवटची संधी मिळवली. कामात झपाटलेल्या माणसाला पट्टा बांधायचा, त्याच्याजवळ बसायचं आणि ओढ म्हणजे काय ते सोमवारी समितीला सांगायचं.

म्हणून शनिवारी ती मिरजेला दस्तगीरचाचांच्या सतारीच्या दुकानात गेली. चाचा एकाहत्तर वर्षांचे, बोलायला एकदम मोकळे. भोपळा टिचकी मारून कसा पारखायचा, हे सांगताना त्यांची रेघ नुसती नाचत होती. मग त्यांनी जवारी काढायला घेतली. सतारीच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवर टेकतात तिची पाठ केसाएवढी घासायची, म्हणजे सूर खुलतो. एक हात जास्त पडला की घोडी वाया. चाचांनी पंखा बंद केला. कानस फिरवली, तार चढवून छेडली, मान हलवली, पुन्हा कानस घेतली.

आणि रेघ सपाट झाली. पट्टा थरथरला, चाचांना पत्ताच नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून श्रावस्तीने स्वतःचा पट्टा त्यांना बांधला. तोही सपाट. सोमवारी दाखवायचं काय? पण नजर हलेना. काय माणूस होता तो! घाम नाकावरून ओघळत होता, तो टिपायचंही भान नव्हतं. तासाभराने तार वाजली आणि सूर असा खुलला की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"चाचा, यंत्र म्हणतंय, तुम्ही इथं नव्हताच."

"खरंच बोलतंय की, बाळ," चाचा हसले. "जवारी काढताना मी कुठं असतोय? घोडी असती, तार असती. मी किती मोठा कारागीर ते दाखवायला गेलो, तवाच पाच घोड्या वाया घालवल्या."

घरी येऊन तिने आपल्या तीन वर्षांच्या नोंदी उघडल्या, शेजारी माश्यांच्या नोंदींची वही ठेवली आणि तारखा जुळवत बसली. जिथे जिथे रेघ सपाट, तिथे तिथे गांधीलमाश्या होत्या.

सोमवारी तिने चाचांची रेघ आणि आपली रेघ समितीपुढे शेजारी शेजारी ठेवल्या. यंत्र चुकत नसतं, असं अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या बाजूच्या एका सभासदांनी मात्र वही ओढून घेतली. माश्या एकमेकींपासून ओळखायच्या कशा, असं त्यांनी विचारलं. पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन, ती म्हणाली, आणि कुठली माशी पोळ्यात कधी वरचढ झाली ते सांगत गेली. सभासद पानं उलटत राहिले. त्यांच्या मनगटावरचा पट्टा थरथरला, पुन्हा थरथरला. त्यांना कळलंही नाही.

अध्यक्षांना ते दिसलं. 'कल नाही' हा शेरा त्यांनी आपल्या हाताने खोडला.

बाहेर आल्यावर श्रावस्तीला वाटलं होतं, बाई पाठ थोपटतील. पाटोळेबाई मात्र वर्गांकडे बघत उभ्या होत्या. प्रत्येक वर्गात पन्नास मनगटं, पन्नास पट्टे.

"श्रावस्ती," त्या हळूच म्हणाल्या, "या तीन वर्षांत असल्या किती पोरांना आम्ही हलवून जागं केलं असेल गं?"