त्यांच्या पाणबुडीवर बाहेरून कोण ठोकत होतं?

थोरा, माझी आत्या. ती कधीच खोटं बोलली नाही, म्हणूनच तिने सांगितलेलं हे सांगतोय.

ऑर्कनी, स्कॉटलंडच्या उत्तरेची बेटं. दुसऱ्या महायुद्धातला डिसेंबर. दुपारीच अंधारलं होतं.

बंदराच्या तोंडाशी, आमच्या बेटावर, नौदलाची एक खोली होती. समुद्रतळाशी तार अंथरलेली. वरून पाणबुडी गेली की खोलीतला काटा हलायचा. बटण दाबलं की तळाशी पेरलेले सुरुंग फुटायचे.

आत्या कानाला यंत्र लावून पाण्यातले आवाज ऐकायची.

काटा हलला...

"आपलं कुणी येतंय का?" खोलीचे अधिकारी विशार्टसाहेब यांनी विचारलं.

"नाही साहेब. हा पंख्याचा आवाज आपल्या बोटीचा नाही."

त्यांनी बटण दाबलं. खिडक्या थरथरल्या.

"गेले एकदाचे!" आत्यासोबत काम करणारी जेसी म्हणाली. "चहा टाकू?"

आत्याने हात वर केला.

ठक... ठक... ठक...

"साहेब, जिवंत आहेत ते! आतून ठोकतायत."

"वारा बघतेस ना, पोरी? या लाटांत पाणबुडे उतरवले तर आपलीच माणसं मरतील."

ती ऐकत राहिली. एक ठोका. मग जरा लांबून त्याला उत्तर. तिला वाटलं, दोन खोल्यांत अडकलेत बिचारे, एकमेकांना धीर देतायत.

मग ठोके थांबले.

नुसतं पाणी...

सकाळी खडकावर एक जर्मन खलाशी सापडला. गारठून निळा पडलेला. आत्याने त्याला घोंगडीत गुंडाळलं, गरम सूप पाजलं.

"तुमचे लोक कुठायत?" त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. "आम्हाला काढायला आलेले?"

"कुणीच उतरलं नव्हतं रे."

"असं कसं? बाहेरून ठोकत होते! आम्ही ठोकलं की उत्तर द्यायचे. म्हणून तर पाणी आत घेऊन दाब सारखा केला, झाकण उघडलं."

"बाकीचे?"

"माझ्या पुढे होते. टॉर्चच्या उजेडात वरून हात यायचा... एकेकाला ओढून न्यायचा. मी शेवटचा."

त्याने घोंगडी गच्च ओढून घेतली.

"माझ्यासाठी हात आलाच नाही."

संध्याकाळपर्यंतही तो टिकला नाही. शेवटपर्यंत एकच विचारत होता, "मला का नाही नेलं?"



वादळ शमल्यावर पाणबुडे उतरले. झाकण उघडं होतं. आत कुणीच नव्हतं. एकही प्रेत कधी किनाऱ्याला लागलं नाही.

मी त्याच पाण्यावरून फेरीबोट चालवतो. समुद्र शांत असला की उतारू म्हणतात, "रोनाल्ड, जरा इंजिन बंद कर की. सील वर येतात का, बघू दे."

मी करत नाही. खालून काय ऐकू येईल, कोण जाणे.